खडी फोडणारी आज्जी आणि मॅक्रोचा पेपर

आजचा भाग थोडा इतिहासाचा आणि थोडा आपल्या सगळ्यांच्या जखमेचा आहे. जखम म्हणजे समग्रलक्षी अर्थशास्त्र, म्हणजे आपला ‘मॅक्रो’. सातारा-सांगलीकडच्या कॉलेजात ज्यांनी बी.ए. किंवा बी.कॉम. केलंय, त्यांना हा पेपर आठवत असेल. गाईड, झेरॉक्स, ‘हा प्रश्न दोनदा आलाय, करूनच जा’, आणि एवढं करून काठावर पास.

माझंही तसंच झालं. वर्गात सर फळ्यावर लिहायचे, ‘सीमांत उपभोग प्रवृत्ती’. आम्ही ते वहीत उतरवायचो. मग ‘गुणक’. गुणकाचं सूत्र पाठ होतं. एकातून सीमांत उपभोग प्रवृत्ती वजा करायची आणि जे उरेल त्यानं एकाला भागायचं. प्रवृत्ती 0.8 असेल तर गुणक 5. उत्तर बरोबर यायचं, मार्क मिळायचे. पण हे पाच कसले, कुणाचे, कुठल्या बाजारात फिरतात, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मागच्या बाकावरचा एकजण म्हणायचा, ‘हे इंग्लंडातलं काहीतरी असतंय, आपल्याला काय करायचंय?’ आम्ही हसायचो. खरं तर मलाही तेच वाटायचं.

आता गंमत बघा. हे ‘इंग्लंडातलं’ शास्त्र ज्या प्रश्नांवर उभं आहे, त्यातले दोन मोठे प्रश्न आपल्याच दोन जिल्ह्यांच्या मातीत आधी घडून गेले होते. दुष्काळात माणसाच्या हाताला काम कुणी द्यायचं, हा एक. आणि पैशाची किंमत कुणी सांभाळायची, हा दुसरा.

चला 1901 सालात. साताऱ्यात राहणारा एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा. 7 नोव्हेंबर 1900 ला त्याचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं, रजिस्टरात ‘भिवा’. पुढे जग त्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून ओळखणार होतं. (7 नोव्हेंबर आपण आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो, तो याच कारणानं.) वडील रामजी सुभेदार तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला खजिनदार म्हणून नोकरीला होते. नोकरी कसली? तिथं सरकारनं तलाव खोदायचं काम काढलं होतं. दुष्काळानं माणसं मरत होती, त्यांना मजुरी मिळावी म्हणून.

म्हणजे बघा, केन्सचं गाजलेलं पुस्तक आलं 1936 ला. मंदीत खासगी खर्च आटतो, तेव्हा सरकारनं खर्च करावा, सार्वजनिक कामं काढावीत, ती मजुरी पुढे हातोहात फिरते, असं सगळं त्यात आहे. आणि त्याच्या पस्तीस वर्षं आधी खटावात सरकारी पैशातून तलाव खोदला जात होता, आणि त्या पैशाचा हिशेब भिवाचे वडील ठेवत होते. इंग्रज सरकार केन्सच्या विचारानं चाललं होतं असं अजिबात नाही. अर्थव्यवस्थेला गती द्यायची म्हणून ती कामं नव्हतीच. माणूस जेमतेम जगावा, एवढाच हिशेब.

सुट्टीत भिवा, त्यांचा भाऊ आणि बहिणीचा मुलगा अशी मुलं वडिलांना भेटायला निघाली. नवे कपडे, नव्या टोप्या, सगळी हौस. रेल्वेनं मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना निरोप पोचला नव्हता, त्यामुळे न्यायला कुणीच आलं नाही. स्टेशनमास्तरांनी आपुलकीनं चौकशी केली आणि मुलं महार आहेत कळल्यावर बाजूला झाले. बैलगाड्या उभ्या होत्या, पण गाडीवान नेईनात. शेवटी एकजण तयार झाला. भाडं दुप्पट, आणि गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. रात्र वाटेतच काढावी लागली. डबा होता, पण प्यायला पाणी मिळालं नाही म्हणून जेवता आलं नाही. बाबासाहेबांनी हे सगळं पुढे स्वतः लिहून ठेवलंय.

मॅक्रोच्या पुस्तकात पैशाच्या धड्याची पहिली ओळ काय असते? पैसा हे विनिमयाचं माध्यम आहे, तो सर्वांना स्वीकारार्ह असतो. आता मसूरच्या स्टेशनवर उभं राहून ही व्याख्या वाचा. पोरांच्या खिशात पैसे आहेत, दुप्पट भाडं द्यायची तयारी आहे, आणि तरी घोटभर पाणी मिळत नाही. पैसा चालतो, पण देणारा हात कुणाचा आहे ते आधी बघितलं जातं. पैशाचा धडा शिकवायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, आणि ते आमच्या कॉलेजपासून एसटीनं जाऊन येता येईल एवढ्या अंतरावर घडलं होतं. आम्हाला मात्र हे कुणी सांगितलं नाही.

हाच मुलगा पुढे बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 ला कोलंबिया विद्यापीठात गेला, मग लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. मधल्या काळात, 1918 पासून दोनेक वर्षं, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. आणि 1923 ला लंडनमध्ये त्यांचं ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक आलं.

केन्सनं 1913 मध्येच भारताच्या चलनावर पुस्तक लिहिलं होतं. गंमत म्हणजे ते भारतात कधी आलेच नाहीत, लंडनच्या इंडिया ऑफिसात नोकरी केली तेवढीच ओळख. त्यांचं मत होतं की रुपयाची सांगड परदेशी हुंडणावळीच्या आधारे सोन्याशी घालायची ही पद्धत भारताला ठीक आहे. आंबेडकरांनी त्याला विरोध केला. मुद्दा साधा होता. या पद्धतीत सरकारला रुपये पाडायला नीटसा लगाम राहत नाही. रुपये वाढले की देशातल्या देशात भाव चढतात, आणि ज्याची मजुरी ठरलेली आहे त्याचं ताट रिकामं होतं. म्हणून रुपये किती काढायचे याला पक्की मर्यादा हवी. त्यांच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि त्यातच स्पष्ट सांगितलं की मला सगळं पटलेलं नाही. मला हे फार आवडतं. विद्यार्थी वाद घालतोय, गुरू असहमत आहे, तरी प्रस्तावना देतोय. आमच्याकडे तर ‘पुस्तकात आहे तेच लिहा’!

आता पहिल्या प्रश्नाकडे परत. सांगलीचे वि. स. पागे. विधान परिषदेचे सभापती होते. 1960 च्या दशकात त्यांनी तासगाव तालुक्यात एक प्रयोग करून बघितला. जो काम मागेल त्याला काम द्यायचं, तेही गावाला उपयोगी पडेल असं. 1972 ला राज्याची रोजगार हमी योजना जाहीर झाली, आणि पाठोपाठ तो भयंकर दुष्काळ. मे 1973 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. 1977 ला कायदा झाला. पैसा उभा करायला 1975 पासून व्यवसाय कर लावला होता, म्हणजे मुंबई-पुण्याच्या पगारातून कापलेले रुपये माण, खटाव, जत, आटपाडीच्या मस्टरवर येणार. आणि 2005 ला देशाचा कायदा झाला, ज्याला आपण मनरेगा म्हणून ओळखतो.

माझी आज्जी आटपाडीकडची. 72 ला तीन पोरांना घेऊन रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी परीक्षेच्या आदल्या दिवशी गुणक पाठ करत होतो, मोठ्यानं. शंभर रुपये, त्यातले ऐंशी खर्च, मग चौसष्ट. आज्जी शेजारी लसूण सोलत होती. म्हणाली, ‘‘शंभरातलं वीस शिल्लक कोण टाकतंय रं?’’

मी म्हणालो, ‘‘आज्जी, ते पुस्तकात आहे.’’

‘‘आमचं हप्त्याचं पैसं आलं की बाजारात संपायचं. मिलो, मीठ, चटणी. वाण्याची उधारी. वाणी तरी कुठं गावात खर्चायचा? त्येचा माल तर सांगलीवरनं यायचा.’’

तेव्हा मी ‘हूं’ केलं आणि पुढचं पान उलटलं. बऱ्याच वर्षांनी कळलं की आज्जीनं दोन मिनिटांत जे सांगितलं त्याला पुस्तकात मोठमोठे शब्द आहेत. गरिबाची उपभोग प्रवृत्ती जवळजवळ एक असते. आणि गावात पिकलंच नसेल तर मजुरीचा पैसा गावात फिरत नाही, धान्याच्या मागं बाहेर निघून जातो, याला गळती म्हणतात. पण त्याच पैशाच्या ओढीनं बाहेरचं धान्य गावात येतं, हेही खरं. आज्जीची तिन्ही पोरं जगली. त्यातला मधला माझा बाप.

दुसऱ्या दिवशी पेपरात गुणकावर प्रश्न आला. मी सूत्र लिहिलं, गाईडातलं उदाहरण लिहिलं. दहापैकी सहा. आज्जीचं उदाहरण लिहायला हवं होतं, पण धाडस झालं नाही.

तुमच्या घरी 72 च्या कामावर गेलेलं कुणी असेल तर त्यांना एकदा विचारा, हप्ता किती मिळायचा आणि तो कुठं जायचा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. पुढच्या भागात 1926 चं भांडण, रुपया एक शिलिंग चार पेन्सचा की सहा पेन्सचा, आणि त्या दोन पेन्सांनी शेतकऱ्याचं काय झालं. भेटूच.