मळ्यातल्या चाळी

इंदापूर तालुक्याच्या या भागात कुणी 'आम्ही मळ्यातले' म्हणालं, की तो माणूस विहिरीवरच्या वस्तीचा नसतो, उसाच्या कंपनीच्या चाळीतला असतो. मळ्याला हा अर्थ आला तो नीरा डाव्या कालव्यामुळे.

१८७६-७७ च्या दुष्काळानंतर हा कालवा झाला. बारामती-इंदापूरच्या माळाला पाणी मिळालं, पण ऊस लावायला भांडवल लागतं. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगाने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या, कळंबजवळ साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसलं. ऊस राखायला, तोडायला माणसं लागत, म्हणून शिवारातच चाळी उठल्या.

१९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ही शेती कारखान्याकडून गेली. १९६३ मध्ये शेती महामंडळ झालं. वालचंदनगर आणि रत्नपुरी हे मळे त्याच्याकडे आले. कारखान्याच्या यंत्रशाळेत पुढे इस्रोच्या अग्निबाणांची आवरणं घडली. मळे मात्र तोट्यात गेले, ऊस हटला, माणसं पांगली.

त्या चाळींच्या पडक्या खोल्यांतून फिरताना माझं लक्ष एका आढ्याकडे गेलं. त्यात झोळी बांधायची लोखंडी कडी होती, दोराने घासून आतून गुळगुळीत झालेली. खाली चुलीची काजळी, बाजूला दिवा ठेवायचा कोनाडा. एवढ्याशा जागेत पिढ्या वाढल्या.

अशी ओस पडलेली कामगार वसाहत जपताही येते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात हंबरस्टोन नावाची सोऱ्याची वसाहत आहे. वालचंदनगरासारखंच तिलाही एका उद्योगातल्या माणसाचं नाव. तिथला सोरा जगभरच्या शेतांना खत म्हणून जाई. कारखान्यांत कृत्रिम नत्रखत बनू लागलं आणि १९६० पर्यंत गाव ओस पडलं. पण २००५ साली ते जागतिक वारसा ठरलं. कामगारांची घरं, बाजार, नाट्यगृह सगळं जपलं आहे.

इकडे २०१२ नंतर खंडकऱ्यांना, म्हणजे खंडाने जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांना, त्या परत मिळू लागल्या. अर्धशतक लढून मिळाल्या, हा त्यांचा हक्कच. कामगार घरासाठी दोन गुंठे मागतात, तेही रास्त आहे. पण वाटपाच्या मोजणीत पडकी चाळ मोडण्याजोगीच धरली जाते. दोन गुंठ्यांच्या मागणीसोबत जपायला एक चाळही मागावी, कामगारांच्याच नावाने. तिच्या भिंतीवर खोली क्रमांक अजून वाचता येतो आणि आढ्यातली कडी शाबूत आहे.