पूर्वघाटाच्या कुशीत : विशाखापट्टणची निसर्गस्थळे आणि आपण

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत 'परिसरातील प्रेक्षणीय स्थळे' या विषयावर काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही प्रथम थोडे कचरलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यामुंबईहून, नागपुराहून पाहुणे येतात आणि सामान खाली ठेवण्यापूर्वीच विचारतात, "इथे पाहण्यासारखे काय काय आहे?" त्यांच्या हाती ठेवावयाची यादी आपणा सर्वांस तोंडपाठ आहे. कैलासगिरीचे उद्यान आणि तेथील रज्जुमार्ग, रामकृष्ण बीच, ऋषीकोंडा, १९७७ साली खुले झालेले प्राणिसंग्रहालय, अराकू आणि बोर्रा गुहा. ही यादी पुन्हा छापून मंडळाचा कागद खर्ची घालण्याचे कारण नाही. त्यापेक्षा या डोंगरांनी आणि या किनाऱ्याने आजवर कोणाकोणास येताना पाहिले, आणि आलेल्यांनी येथून काय नेले व येथे काय ठेवले, हे सांगावे असे आम्हांस वाटले. आपणही आलेल्यांपैकीच आहोत.

१९९६ साली बदलीचा हुकूम हाती पडला, तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर कोकण होते. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस समुद्र, मधे चिंचोळी पट्टी. तेव्हा गाव आपल्या ओळखीचेच असणार, अशी आमची समजूत. पहिल्याच पहाटे ती फिटली. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, येथे तो समुद्रातून वर येतो! डोंगरही वेगळे. आपला सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांवर थर बसून झालेला काळा बेसाल्ट. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. विशाखापट्टणचे डोंगर 'खोंडालाइट' नावाच्या तांबूस खडकाचे आहेत. पूर्वघाटातील खोंड आदिवासींवरून त्यास हे नाव मिळाले. हा खडक शंभर कोटी वर्षांच्या आसपासचा मानला जातो. म्हणजे या पर्वताच्या मानाने सह्याद्री कालचे पोर म्हणावयास हवे! सह्याद्री भिंतीसारखा सलग उभा आहे. पूर्वघाट मात्र महानदी, गोदावरी, कृष्णा, कावेरी या नद्यांनी जागोजागी तोडला आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेली आपली गोदामाई याच डोंगरांच्या रांगेतून, पापीकोंडांच्या खिंडीतून वाट काढून समुद्रास मिळते.

याच पूर्वघाटाचे एक उत्तुंग शिखर म्हणजे ओडिशातील महेंद्रगिरी. पृथ्वी दान केल्यावर परशुराम महेंद्र पर्वतावर तपश्चर्येस गेले, अशी पुराणकथा आहे. ज्या परशुरामाने समुद्र हटवून कोकणभूमी वसविली असे चिपळूणकडची मंडळी मानतात, त्याचे वानप्रस्थाचे ठिकाण आपल्या शेजारी असावे, हा योगायोग कोकणस्थ असोत वा देशस्थ, सर्वांनाच सुखावणारा आहे.

येथे आलेल्यांत पहिला मान द्यावयास हवा तो बौद्ध भिक्षूंस. भीमिलीच्या रस्त्यावर शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटरांवर तोटलकोंडा आहे. तेलुगूत 'कोंडा' म्हणजे डोंगर. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या सुमारास या डोंगरमाथ्यावर विहार वसला आणि चारपाचशे वर्षे नांदला. पुढे तो विस्मृतीत गेला. १९७६ साली नौदलाच्या हवाई पाहणीत त्याचे अवशेष नजरेस आले आणि १९८८ पासून रीतसर उत्खनन झाले. खडकात खोदलेली पाण्याची टाकी हे या स्थळाचे वैशिष्ट्य असून त्यांवरूनच डोंगरास हे नाव पडले. जवळच्या बाविकोंडाचे नावही तेथील विहिरींवरून आले आहे. भिक्षू भिक्षा मागून राहिले, पावसाचे पाणी साठवीत राहिले आणि गेले तेव्हा डोंगर जसाच्या तसा ठेवून गेले. आजही तेथे स्तूपाच्या जोत्यापाशी उभे राहिले, म्हणजे खाली निळा समुद्र दिसतो आणि वाऱ्याखेरीज दुसरा आवाज नसतो.

सिंहाचलम् येथील वराह-नरसिंहाचे देवालय आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. तेथील शिलालेख अकराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जातात; आजची भव्य वास्तू तेराव्या शतकात गंग राजा नरसिंहदेव पहिला याच्या कारकीर्दीत उभी राहिली. वर्षभर चंदनाच्या लेपात झाकलेली मूर्ती अक्षय्यतृतीयेस भक्तांना निजरूपात दिसते. आपल्याकडे त्या दिवशी पितरांना उदककुंभ देतात, आंब्याचा मान करतात. येथे त्याच दिवशी डोंगर माणसांनी फुलून जातो. देवस्थानामुळेच त्या डोंगरावरची झाडी आणि झरे टिकले, असे आमचे मत आहे.

आता आपल्या पूर्वजांविषयी. हा भाग मंडळाच्या स्मरणिकेत कितपत शोभेल, याचा आम्ही विचार केला. परंतु इतिहास लिहावयाचा तर तो सोयीपुरता लिहिता येत नाही. १७५३ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे निजाम सलाबतजंग याने उत्तर सरकारांचा हा मुलूख फ्रेंच सेनानी बुसीच्या हवाली केला. येथील फौजदार जाफर अली यास ते रुचले नाही. त्याने नागपूरकर भोसल्यांकडे धाव घेतली. ओडिशा १७५१ मध्येच रघूजी भोसल्यांकडे आला होता. तेव्हा त्यांची घोडदळे या डोंगरांच्या पलीकडे सज्जच होती. ती घाट उतरून किनाऱ्यावर आली आणि १७५४ साली भीमुनिपट्टणची डच वखार त्यांनी लुटली. लूट घेऊन ती परत गेली. या किनाऱ्याच्या इतिहासात मराठ्यांचे नाव प्रथम ठळकपणे येते ते असे! भीमिलीस जाल तेव्हा गोस्तनी नदीच्या मुखाशी समुद्र पाहून झाल्यावर जुनी डच दफनभूमी अवश्य पाहावी. तेथे उभे असता, आपण नेमके कोणाच्या बाजूचे, असा प्रश्न आम्हांस दर वेळी पडतो.

तथापि दुसरी बाजूही आहे. शहराच्या दक्षिणेस समुद्रात घुसलेला 'डॉल्फिन नोज' हा डोंगर वादळवाऱ्यास आडवा उभा आहे. त्याच्या आडोशास १९३३ साली बंदर सुरू झाले, आणि याच आडोशास सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाजबांधणीचा कारखाना काढला. २१ जून १९४१ रोजी बाबू राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये जपानी विमानांनी शहरावर बाँब टाकले, तरी काम सुटले नाही. १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते 'जलउषा' समुद्रात उतरली. भोसल्यांच्या स्वारीनंतर दोनशे वर्षे पुरी व्हावयाच्या आत महाराष्ट्रातील एका माणसाने याच पाण्यावर जहाज सोडले होते. आज हिंदुस्थान शिपयार्ड म्हणून ओळखला जाणारा तो कारखाना पाहुण्यांना दुरून का होईना, आम्ही न चुकता दाखवितो.

अराकूकडे वळू. सकाळच्या गाडीने निघावे. कोत्तवलसा–किरंदूल हा लोहमार्ग १९६०च्या दशकात बैलाडिलाचे लोहखनिज जपानला पाठविण्यासाठी डोंगर फोडून बांधला. पन्नासांहून अधिक बोगदे ओलांडीत गाडी शिमिलीगुडा स्थानकास येते. त्याची उंची सुमारे ९९६ मीटर असून, काश्मीरचा मार्ग होईपर्यंत ब्रॉडगेजवरील देशातील सर्वांत उंच स्थानक म्हणून त्याचा लौकिक होता. बोरघाटाची सवय असलेल्या डोळ्यांनाही येथील दऱ्या नव्या वाटतात. वाटेत बोर्रा गुहा लागतात. गोस्तनीच्या पाण्याने चुनखडीचा खडक युगानुयुगे विरघळवून ही विवरे कोरली. छतातून ठिबकणाऱ्या थेंबांनी वरून आणि खालून खांब वाढविले. गुराख्याची गाय छतातील भोकातून आत पडली, तिला शोधू जाता त्यास शिवलिंग सापडले, अशी आख्यायिका आहे. अशाच एका लवणस्तंभाची लिंग म्हणून आजही पूजा होते.

हे सारे पाहताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. बोर्राच्या परिसरातील आदिवासी गावांत खाणींचे पट्टे दिले गेले होते. 'समता' या संस्थेने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अनुसूचित क्षेत्रातील जमीन, मग ती शासनाची असो, वनाची असो वा आदिवासींची, खाजगी कंपन्यांना खाणीसाठी पट्ट्याने देता येणार नाही. या निकालाचे दाखले पुढे देशभर दिले गेले. आम्ही सरकारी नोकर; कागदाने जमीन जाते हे आम्ही पुष्कळ पाहिले. कागदाने डोंगर राहतो, हे येथे पाहिले. आता हा भाग २०२२ साली निर्माण झालेल्या अल्लूरि सीताराम राजू जिल्ह्यात मोडतो.

शेवटी ज्या स्थळासाठी हा लेखनप्रपंच, त्याकडे येतो. भीमिलीच्या रस्त्यावर समुद्राच्या बाजूस लाल वाळूच्या टेकड्या आहेत. तेलुगूत 'एर्र मट्टी दिब्बलु', म्हणजे लाल मातीचे ढिगारे. 'मट्टी' आणि आपली 'माती' या बहिणीबहिणी. शेवटच्या हिमयुगात जगातील समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेला होता. उघड्या पडलेल्या तळावरची वाळू वाऱ्याने येथे आणून टाकली, तिच्यातील लोह गंजून ती लाल झाली, आणि पावसाच्या ओघळांनी तिच्यात घळी कोरल्या. अशा ठेवी दक्षिण आशियात येथे, तमिळनाडूत आणि श्रीलंकेत एवढ्याच आहेत.

१९९८ सालच्या दिवाळीत मंडळाच्या मुलांनी किल्ल्याचा हट्ट धरला. पुण्याहून मावळे आले, सिंहासनावरचे महाराज आले. पण येथील अंगणात माती म्हणावी तशी नव्हती. आम्ही तिघे-चौघे स्कूटरी काढून दिब्बलूंवर गेलो आणि दोन पोती लाल माती भरून आणली. कोणी अडविले नाही. किल्ला देखणा झाला. बुरूज लालभडक, उतारावर हळिवाची हिरवळ. आमचे घरमालक निवृत्त शिक्षक. सारे त्यांना 'मास्टारु' म्हणत. ते मुद्दाम पाहावयास आले. मुलांकडून किल्ल्याचे नाव ऐकले, महाराजांना हात जोडले, मग आमच्याकडे वळून विचारले, "माती कोठून आणली?" आम्ही अभिमानाने सांगितले. ते क्षणभर थांबले. "आणि पुढच्या वर्षी?" त्यांनी विचारले. "पुन्हा आणू की, मास्टारु!" आम्ही म्हणालो. त्यावर ते काही बोलले नाहीत. नोव्हेंबरच्या पावसात किल्ला विरघळला आणि लाल ओघळ गटारात गेला.

त्यांच्या न बोलण्याचा अर्थ आम्हांस उशिरा कळला. आम्ही दोन पोती नेली, दुसऱ्यांनी ट्रक भरून नेले. घरांसाठी, रस्त्यांसाठी टेकड्या सपाट होत गेल्या. २०२४ सालीही यंत्रे लावून येथील माती सपाट केल्याचे प्रकरण गाजले. ऑक्टोबर २०१४ मधील 'हुदहुद' वादळाने शहराची झाडे एका दिवसात आडवी केली. ती आपण सर्वांनी मिळून पुन्हा लावली, आणि आज त्यांची सावलीही पडते. माती मात्र लावता येत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये एक वार्ता आली. जागतिक वारशासाठी भारताने युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत जी सात नैसर्गिक स्थळे दाखल केली, त्यांत या लाल टेकड्या आहेत. आणि त्याच यादीत पाचगणी-महाबळेश्वरचा दख्खनचा कातळही आहे. आपले माहेर आणि आपले सासर एकाच कागदावर आले! ही वार्ता सांगावयास मास्टारु आज नाहीत, याची आम्हांस खंत वाटते.

तेव्हा मंडळाच्या एकावन्नाव्या वर्षासाठी आमची एक सूचना आहे. येत्या दिवाळीत मुलांना दिब्बलूंवर न्यावे, अनवाणी चालू द्यावे, या टेकड्यांची हकीकत सांगावी आणि परतताना त्यांचे पाय तेथेच झाडून घ्यावेत. किल्ल्यासाठी माती कुंभाराकडून विकत आणावी; तिचा खर्च देण्यास आम्ही तयार आहोत. सतराशे चौपन्नचा हिशेब त्याने फिटणार नाही, हे आम्ही जाणतो. निदान आमच्या दोन पोत्यांचा तरी फिटावा.