मात्रा मोजणारा लंबक

संगीताची साधना करणाऱ्यास स्वराइतकीच लयीचीही आराधना करावी लागते. स्वर चुकला तर कान तत्काळ हटकतो. लय मात्र नकळत सरकते. सोपा भाग आला की बोटे धावू लागतात, अवघड जागा आली की रेंगाळतात, आणि वाजवणाऱ्यास त्याची जाणीवही नसते. हा दोष दाखवून देणारा निःपक्षपाती साक्षीदार जवळ असावा, ही गरज फार जुनी आहे. मेट्रोनोम हे यंत्र त्या गरजेतूनच जन्मास आले.

पूर्वी युरोपातील चर्चच्या गायनवृंदात प्रमुखाचा खालीवर होणारा हात हेच लयीचे माप होते. १७५२ साली जर्मन बासरीवादक क्वांट्झ याने आपल्या ग्रंथात निरोगी माणसाची नाडी प्रमाण मानावी, असे सुचविले व मिनिटाला सुमारे ८० ठोके गृहीत धरले. पण नाडी तरी स्थिर कोठे असते? ज्वराने, भयाने, हर्षानेही ती चढते.

स्थिर माप मिळाले ते लंबकात. लंबकाचा आंदोलनकाल त्याच्या लांबीवर अवलंबून असतो, हे गॅलिलिओने ओळखले होते. त्या आधारे १६९६ साली फ्रान्समध्ये लूलिए याने जवळजवळ माणसाच्या उंचीचे एक लयमापक योजले. परंतु ते मुके होते, डोळ्यांनी पाहावे लागे. शिवाय लय जितकी विलंबित, तितका लंबक लांब. सेकंदाला एक ठोका हवा असल्यास सुमारे एक मीटर, तर मिनिटाला ४० ठोक्यांसाठी सव्वादोन मीटर! असे उपकरण घरात ठेवणार कोण?

ही अडचण १८१४ साली ॲम्स्टरडॅममधील विंकेल या कारागिराने सोडविली. त्याने दांडीच्या आसाखाली एक वजन ठेवले आणि वर दुसरे सरकते वजन बसविले. वरचे वजन उंच नेले की लय संथ, खाली आणले की द्रुत. अशा रीतीने लहानशी पेटी मोठ्या लंबकाचे काम करू लागली. मेल्झेल याने ही कल्पना उचलली, तीवर आकड्यांची पट्टी जोडली आणि १८१५ साली स्वतःच्या नावे तिचे पेटंट घेतले. पुढे हॉलंडमध्ये विंकेलचा हक्क मान्य झाला, तरी जगाच्या ओठी नाव राहिले ते मेल्झेलचेच.

बेथोव्हेनने १८१७ साली आपल्या आठ सिंफनींचे मेट्रोनोमचे आकडे प्रसिद्ध केले. पण त्याच वर्षीच्या एका गीताच्या हस्तलिखितावर त्याने अशीही टीप लिहिली, की हा आकडा केवळ आरंभापुरता समजावा. भावनेला स्वतःची लय असते. यंत्राचे स्वागत करणाऱ्यानेच त्याची मर्यादाही सांगितली, हे विसरता कामा नये.

आपल्या भूमीत ही पेटी उशिरा आली. पण तिचे काम येथे हात करीतच होता. तीनतालाच्या सोळा मात्रा मोजताना पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, हे विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडात १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. एका गुरूपुढे एक शिष्य ही रीत जाऊन वर्ग भरू लागले, तेव्हा लयीलाही लेखी रूप देणे आवश्यक झाले. त्यांच्या स्वरलिपीत स्वराला किती मात्रा, मात्रेचा किती अंश, याच्या खुणा आढळतात.

सह्याद्रीपलीकडे गोव्यात हेच काम चर्चच्या शाळांनी केले. तेथे मुलाने प्रथम हाताने ताल धरून स्वरनावे म्हणावयाची आणि मग व्हायोलिनला हात लावावयाचा. या परंपरेतील अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकी एक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. पूर्वी न पाहिलेली स्वरलिपी समोर येताच साऱ्या वृंदाबरोबर एका लयीत वाजविण्याचे या वादकांचे सामर्थ्य अशाच शिस्तीतून आले.

आज गारगोटीतील एखाद्या घरी कीबोर्ड शिकणारे मूल मोबाइलवरच मेट्रोनोम लावू शकते. सोय मोठी आहे. मात्र तिचा विनियोग विवेकाने व्हावा. ज्या गतीत एकही चूक होत नाही, ती गती प्रथम शोधावी, मग आकडा थोडाथोडा वाढवावा. पुढे प्रत्येक मात्रेऐवजी आवर्तनाच्या आरंभीच ठोका ठेवावा आणि अखेर यंत्र बंद करून वाजवावे. लय आपल्यात उतरली की नाही, याची खरी परीक्षा त्या निःशब्दतेत होते.

कारण वृंदात गाताना यंत्र नसते, माणसे असतात. वृद्धांचा श्वास लवकर संपतो, बालके घाई करतात. ग्रेगोरियन गायनाला, ज्याला पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चसंगीताचा आदर्श म्हटले, नियमित ठोका नसतोच. ते शब्दांच्या ओघाने चालते. तेथे केवळ ठोक्याच्या मागे जाणारा वादक एकाकी पडतो, तर ठोका पचविलेला वादक थांबूही शकतो आणि सर्वांना सोबतही नेऊ शकतो. नियम पाळावयाचा तो अखेर इतरांची वाट पाहता यावी म्हणून. आपल्या मुलांना मेट्रोनोम अवश्य द्यावा. त्याचबरोबर शेजारी गाणाऱ्याचा श्वास ऐकण्यासही शिकवावे.