मराठी ठेवायची कुठे? लोकेलचा छोटा इतिहास

आजचा विषय वरवर तांत्रिक आहे, पण त्याच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे. संगणकाला मराठी 'येते' असं आपण म्हणतो, तेव्हा ती नेमकी कुठे ठेवलेली असते? आणि ती तिथे सापडली नाही तर काय होतं?

बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट ही संख्या घ्या. आपण ती १२,३४,५६७ अशी लिहितो. अमेरिकेत तीन-तीन अंकांवर स्वल्पविराम येतो, जर्मनीत त्याच जागी टिंब येतं. संख्या एकच, लेखनं तीन. गोट्लोब फ्रेग या तत्त्वज्ञानं १८८४ साली बजावलं होतं की अंकचिन्ह म्हणजे संख्या नव्हे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तोच धडा वेगळ्या वाटेनं मिळाला. आकडे, तारखा, चलन, वारांची नावं, अकारविल्हे या सगळ्या लेखनसवयींच्या गठ्ठ्याला ते 'लोकेल' म्हणतात.

१९८९ साली 'सी' या भाषेचं अमेरिकी प्रमाणीकरण झालं, त्यात लोकेलची सोय होती. ती विचारपूर्वक केलेली होती. अंकांचे गट लहानमोठे ठेवता येत, म्हणजे आपले लाख-कोटी त्यात बसत. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. प्रोग्रॅम सुरू होताना इंग्रजी वळणाचं एक मूळ लोकेल गृहीत धरलेलं असे, बाकीच्यांनी आपलं मागून घ्यायचं. शिवाय एका वेळी अख्ख्या प्रोग्रॅमला एकच लोकेल. टेबलावरच्या यंत्राला हे चालून गेलं. पुढे वेब आलं, एकाच सर्व्हरकडे पुण्याचा आणि बर्लिनचा माणूस एकाच क्षणी येऊ लागला, आणि ही व्यवस्था अपुरी पडली. त्यातून माहिती ऑपरेटिंग सिस्टिमच्या ताब्यात. यंत्र बदललं की उत्तर बदलायचं.

मग लायब्रऱ्या ही माहिती स्वतःबरोबर बाळगू लागल्या. आयबीएमनं १९९९ साली 'आयसीयू' ही लायब्ररी सर्वांसाठी खुली केली. आणि २००४ साली 'सीएलडीआर' हे लोकेल-माहितीचं सामाईक भांडार युनिकोड संस्थेकडे आलं. त्याची रचना आपल्या एकत्र कुटुंबासारखी आहे. 'मराठी, भारत' या नोंदीत काही सापडलं नाही तर 'मराठी'कडे विचारायचं, तिथेही नसेल तर सगळ्यांच्या मूळ नोंदीकडे. त्यामुळे तीच गोष्ट दहादा लिहावी लागत नाही. याच भांडारात मराठीचे अंक देवनागरी धरलेले आहेत आणि हिंदीचे मात्र रोमन. हा निर्णय कुणा एका प्रोग्रॅमरचा नाही. तिथे भाषा जाणणारी माणसं नोंदी सुचवतात, त्यावर मतं देतात.

माहिती कोडबाहेर ठेवण्याचा फायदा २०१० साली दिसला. त्या जुलैत भारत सरकारनं रुपयाचं नवं चिन्ह स्वीकारलं. ज्यांनी 'रु.' कोडमध्येच कोरून ठेवलं होतं, त्यांना प्रत्येक प्रोग्रॅम उघडावा लागणार होता. ज्यांनी चलनाचं चिन्ह लोकेलकडे सोपवलं होतं, त्यांना नवी माहिती आणि फाँट एवढं पुरणार होतं.

पण सगळ्या भाषांची माहिती म्हणजे ओझंही आलं. आयसीयूचा पूर्ण गठ्ठा पंचवीस-तीस एमबीच्या घरात जातो. तो कमी करायला 'नोड'च्या तयार आवृत्त्यांमध्ये बरीच वर्षं फक्त इंग्रजीचीच माहिती घातलेली असे. मराठी तारीख मागितली की इंग्रजी तारीख मिळायची, आणि चूक झाल्याचा एक शब्दही नाही! २०१९ साली तेराव्या आवृत्तीपासून पूर्ण गठ्ठा येऊ लागला. पुढे २०२२ साली आलेल्या 'आयसीयू-फोर-एक्स'नं मधली वाट धरली: कोड वेगळा, माहिती वेगळी, लागेल तेवढीच भाषा बरोबर घ्यायची.

त्याच वर्षी उलट बाजूही दिसली. सीएलडीआरच्या बेचाळिसाव्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतल्या 'पीएम'च्या आधीची साधी मोकळी जागा बदलून अरुंद, न तुटणारी जागा आली. डोळ्यांना फरक कळत नाही, पण छापलेली वेळ पुन्हा वाचणारे प्रोग्रॅम अडखळले. दोष माहितीचा नव्हता. माणसासाठी केलेलं लेखन यंत्राची साठवण म्हणून वापरलं, ही गल्लत. फ्रेग पुन्हा आठवावा तो इथे.

तेव्हा या इतिहासातून मी तीन गोष्टी काढतो. साठवताना संख्या साठवा, तिचं लेखन नको. लेखनाची माहिती सामाईक भांडारातून घ्या, स्वतःची खासगी यादी करू नका. आणि भाषा सापडली नाही तर तसं सांगा. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. माहिती नसणं ही उणीव आहे, ती भरून काढता येते. पण न बोलता तिच्या जागी इंग्रजी ठेवलं, तर काही उणं आहे हेच कुणाला कळत नाही. मग दुरुस्तीची मागणी तरी कोण करणार?

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.