कंपनी बंद पडली, माप चालू आहे

हैदराबादेत रिमोटची मोटार दुकानातून कमी आणि आखाताहून आलेल्या सुटकेसमधून जास्त आली. सत्तरच्या दशकापासून या शहरातली असंख्य माणसे दुबई, जेद्दा, कुवेतला कामाला गेली. परदेशी मालावरची आयातबंधने टप्प्याटप्प्याने उठायला १ एप्रिल २००१ उजाडला. तोवर निक्को, ताइयो अशा जपानी नावांची खेळणी सुट्टीवर येणाऱ्यांच्या सामानातूनच यायची. शेजारपाजारच्या ओळखीने एखादी काचीगुड्याच्या, सुलतान बाजारच्या मराठी घरातही पोचली. आज त्या गाड्या माळ्यावर आहेत. चालत नाहीत, पण टाकवतही नाहीत. आणणारे माणूस आता नसले तर मुळीच नाही.

या खेळण्याची वंशावळ मोठी आहे. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी लहरींवर चालणारी छोटी बोट दाखवली. १९६६ साली इटलीतल्या रेज्जो एमिलियाच्या एल-जी या कंपनीने बिनतारी फेरारी बाजारात आणली. १९७६ साली जपानच्या तामियाने पोर्शे ९३४ काढली. तिच्या मापांसाठी शुनसाकू तामिया यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेऊन सुटी केली होती, हा किस्सा प्रसिद्ध आहे. १९८४ ची तामियाची ‘हॉर्नेट’ तर इतकी गाजली की वीस वर्षांनी कंपनीने ती पुन्हा काढली. पण असे भाग्य थोड्याच गाड्यांचे. बाकीच्यांचे सुटे भाग कंपनीने बंद केले ते कायमचे.

मग भाग मिळवायचे कसे? आमचे उत्तर असे की, गाडीचे नाव सांगून शोधू नका, माप सांगून शोधा. माबुचीच्या मोटरींवर १३०, ३८०, ५४० असे आकडे असतात, ते तिच्या आकाराचे. ५४० म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर व्यासाचा डबा आणि ३.१७ मिलिमीटरचा दांडा. या मापाच्या मोटरी आजही निघतात. तामियाच्या बऱ्याच गाड्यांतले बेअरिंग ५ मिलिमीटर आतून, ११ बाहेरून आणि ४ जाड असते. राणीगंजच्या बेअरिंगवाल्याला त्या गाडीचे नाव ठाऊक नसेल, पण ‘एमआर ११५’ म्हटले की त्याला कळते. दातेरी चाकाचा बाहेरचा व्यास त्याच्या दातांच्या संख्येत दोन मिळवून भागावा. २० दात आणि १३.२ मिलिमीटर व्यास असेल तर उत्तर ०.६ येते. हाच त्याचा मोड्यूल. तो जुळला आणि दात व दांड्याचे भोक तेवढेच असले की दुसऱ्या कंपनीचे चाकही बसते.

बिनतारी भागाचेही तसेच. २७ मेगाहर्ट्झच्या चांगल्या संचात रिमोट आणि गाडी यांच्या क्रिस्टलांत ४५५ किलोहर्ट्झचा फरक असतो. आपल्या जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतही हाच आकडा वापरलेला असे. म्हणून रेडिओतली ४५५ ची कॉइल अशा गाडीतही कामाला येऊ शकते. कोठीच्या बँक स्ट्रीटवर आणि गुजराती गल्लीत विचारताना हे लक्षात ठेवावे.

मोठ्या गाड्यांचा इतिहास याहून वेगळा नाही. निजामाच्या रेल्वेने १५ जून १९३२ ला २७ बसगाड्यांनिशी बससेवा सुरू केली. त्या काळची अल्बियन बस बस भवनात जतन केली आहे. ती बनवणारी स्कॉटलंडची कंपनी १९५१ साली लेलँडने घेतली आणि पुढे ते नावही गेले. बस मात्र आपल्यापाशी राहिली.

काही भाग मात्र मापानेही मिळत नाहीत. गाडीचा सांगाडा, टायर, स्टिअरिंगचे प्लास्टिकचे हात एकाच साच्यातून निघालेले असतात. त्यासाठी जुमेरात बाजारात किंवा एर्रागड्याच्या रविवारच्या बाजारात त्याच जातीची मोडकी गाडी शोधावी लागते. दुसरी वाट त्रिमितीय छपाईची. अशी यंत्रे असलेले सरकारी ‘टी-वर्क्स’ केंद्र रायदुर्गला मार्च २०२३ मध्ये सुरू झाले. पण छापायला नमुना लागतो. तुटलेला तुकडा फेकून दिला की माप गेले आणि भागही गेला.

रेडिओ उघडून बसणारे हात कमी होत आहेत आणि नव्या खेळण्यांत सगळे एकाच पट्टीवर जोडलेले असते. म्हणून वाचकांना विनंती इतकीच. यंदा मखराचे सामान काढताना अशी गाडी सापडली तर तिच्या बॅटऱ्या आधी काढा, त्या पाझरून तांबे खातात. रिमोट, क्रिस्टल आणि तुटके तुकडे एकाच डब्यात ठेवा. व्हर्नियरने मापे घेऊन त्या डब्यातल्या कागदावर लिहा, आणि गाडी कोणी, कोठून, कोणासाठी आणली तेही त्याच कागदावर लिहा. भाग बाजारात शोधता येतो. ही माहिती घरातच मिळते.