काडीमोड ते कोर्ट

आमच्या राईस मिलमध्ये धान वाळवणारी एक बाई सात-आठ वर्षांपूर्वी रात्री विहारात आली. कडेवर लेकरू, पाठीवर वळ. "दादा, आता नाही जात मी त्या घरी. मोकळी करा मले." तिथं बसलेले एक म्हातारे बोलले, "आमच्या वेळी पंचापुढं काडी मोडली का झालं."

खरं आहे. वरच्या जातीत लग्न म्हणजे जन्माची गाठ, पण कष्टकरी जातीत काडीमोड होती. मात्र पंच सारे पुरुष. त्यांच्या मनात आलं तर बाई मोकळी.

१९४७ साली मुंबई इलाख्यात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात, म्हणून त्याचा आपल्याला उपयोग नव्हता. परमपूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात घटस्फोट आणला. ते बिल रखडलं, आणि १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रीपद सोडलं. १९५४ ला ते याच भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि पडले. पुढच्याच वर्षी, १८ मे १९५५ ला, हिंदू विवाह कायदा आला. तो बौद्धांनाही लागू आहे. कलम २९ ने रूढीची काडीमोडही राखली, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. १९५६ ला आपण जुन्या रूढी टाकल्या. मग कोणती रूढी सांगायची?

त्या कायद्यात आधी छळासाठी सरळ घटस्फोट नव्हता. फक्त कोर्टाच्या हुकुमानं वेगळं राहता येई. १९७६ च्या दुरुस्तीनं क्रूरता हे घटस्फोटाचं कारण झालं.

त्याआधी वर्षभर, १९ मार्च १९७५ ला, सुप्रीम कोर्टानं पुण्याच्या दास्ताने खटल्याचा निकाल दिला. तो आपल्या लोकांनी समजून घ्यावा. न्या. य. वि. चंद्रचूड म्हणाले की, क्रूरता फौजदारी खटल्यासारखी संशयापलीकडे सिद्ध करण्याची गरज नाही. तिथं तक्रार नवऱ्याची होती. छळ सिद्ध झाला, तरी तो हरला. कारण त्यानंतरही दोघं एकत्र नांदले, म्हणजे त्यानं माफ केलं असं धरलं गेलं. पुन्हा छळ झाला तर ती माफी टिकत नाही, हेही कोर्टानं सांगितलं.

आमच्या बाईच्या खटल्यात समोरच्या वकिलानं हेच काढलं. "ही दोनदा परत गेली, म्हणजे माफ केलं." ती स्वतःहून गेली नव्हती. समजूत घालून आम्हीच धाडली होती, आणि त्यात मीही होतो. जबानीत मला ते सांगावं लागलं. मान वर होईना.

लग्न पार मोडलं आहे एवढ्यावर घटस्फोट द्यावा, असं विधी आयोगानं १९७८ लाच सुचवलं होतं. संसदेनं ते कायद्यात घातलेलं नाही. १ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी घटनेच्या कलम १४२ खाली असा घटस्फोट आपण देऊ शकतो असं ठरवलं, पण तो हक्क म्हणून मागता येत नाही. भंडाऱ्याच्या न्यायाधीशाला तो अधिकार नाही. धान वाळवणारी बाई दिल्लीला कशी जाईल?

तिला छळच सिद्ध करावा लागला. तिसऱ्यांदा मारल्याचा दवाखान्याचा कागद कामी आला. चार वर्षांनी हुकूम मिळाला. दुपारी ती मिलमध्ये धान पसरायला हजर होती.