बटाट्याचे नाव मुळात रताळ्याचे

भिवंडी तालुक्यातील दापोडे आज गोदामांसाठी ओळखले जाते. तेथून जवळच असलेल्या खाडीने पश्चिमेकडे निघाले की थेट वसई लागते. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. या दोन शतकांत उत्तर कोकणाच्या बोलीत पाव, पगार, चावी, घमेले, अननस, काजू, कोबी असे कितीतरी शब्द रुजले. ‘बटाटा’ हा त्यांच्यातलाच. हा धागा त्याच्याविषयी.

पोर्तुगीज भाषेतही हा शब्द पाहुणाच. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक ‘बटाटा’ म्हणत ते रताळ्याला! आपण ज्याला बटाटा म्हणतो त्याचे माहेर दूर, दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात. तेथील केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. स्पॅनिश लोकांना रताळे आधी भेटले, बटाटा नंतर. दोन्ही जमिनीखालचे, दोन्ही पिठूळ. नावांची सरमिसळ झाली. स्पेनमध्ये ‘पटाटा’ रूढ झाले, लॅटिन अमेरिकेत मात्र आजही ‘पापा’च म्हणतात. इंग्रजी ‘पोटॅटो’ हा शब्दही आरंभी रताळ्यासाठीच होता.

आता आपल्याकडे या. संस्कृतात ‘आलु’, ‘आलुक’ हे खाण्याजोग्या कंदांचे सर्वसाधारण नाव. सुश्रुतसंहितेतील कंदांच्या यादीत पिंडालुक, रक्तालुक अशी नावे येतात. मराठीतील ‘अळू’ याच कुळातला आणि ‘रताळे’ म्हणजे रक्तालु, तांबडा कंद. अमेरिकेतून नवे गोड कंद आले तेव्हा मराठीने त्यांना हे जुने देशी नाव देऊन टाकले. मग बटाटा आला, आणि त्याच्या वाट्याला रताळ्याचे मूळ परदेशी नाव आले. हिंदीने उलट केले: जुना ‘आलू’ नव्या पाहुण्याला दिला.

म्हणूनच समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारे दोन दावे टिकत नाहीत. ‘संस्कृत ग्रंथांत आलू आहे, म्हणजे बटाटा प्राचीन भारतीय’ हा पहिला. तो आलू म्हणजे सुरणाच्या, कोनफळाच्या पंक्तीतला कुठला तरी कंद होय. १४९२ पूर्वी भारतात बटाटा असणे शक्यच नाही. दुसरा दावा अधिक फसवा आहे: ‘सतराव्या शतकातील कागदात पोटॅटो आहे, म्हणजे तेव्हा लोक बटाटा खात.’ सर टॉमस रो याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने असफखानाच्या मेजवानीत चविष्ट ‘पोटॅटो’ वाढल्याचे लिहिले आहे. परंतु त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ रताळेही होतो. केवळ शब्दाच्या बळावर त्या ताटात आजचा बटाटा ठेवणे मला धाडसाचे वाटते. नाव जुने असले तरी त्याखालची वस्तू तीच असेल असे नाही.

बटाट्याची लागवड खरी फोफावली ती इंग्रजी अमदानीत. आज पुणे जिल्ह्यातील खेड, मंचर आणि आंबेगावचे सातगाव पठार या पिकासाठी प्रसिद्ध आहे.

जाता जाता उपवासाचे ताट पाहा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, शेंगदाणा, मिरची, बटाटा, रताळे: सारे अमेरिका खंडातले. कांदा मात्र वर्ज्य!

नावांची सीमारेषा महाराष्ट्रातूनही जाते. गुजराती आणि कोकणी मराठीसारखीच पोर्तुगीज वळणाची. विदर्भात मात्र ‘आलू’. म्हणून मुंबईचा बटाटेवडा नागपुरात आलुबोंडा होतो. आणि पोर्तुगालमध्ये आज नुसते ‘बटाटा’ म्हटले तर बटाटाच मिळतो. ज्याचे ते नाव होते त्या रताळ्याला तिथे ‘गोड बटाटा’, ‘बटाटा-दोसे’, म्हणून मागावे लागते.